डबी कोणी बसवली

९ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. मी तीनदा फोन केला तेव्हा कुठे तिनं दिला, तोही ‘मी दिला म्हणून सांगू नका हं’ असं बजावून. म्हणजे पहिल्याच ओळीत शब्द मोडला मी.

आईसाठी लिहितेय. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. ऑक्टोबरपासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालू आहे, सकाळी आठ ते बारा. सुई टोचताना ती मान फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि नर्सला म्हणते, “टोच गं, माझं लक्ष नाहीये.” तिसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात चढवत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी एक खुर्ची ठेवलीय. तिथं बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करते. अख्ख्या इमारतीला वाटतं ती गप्पा मारायलाच बसते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयही थकलंय. फार दिवस ओढता येणार नाही.

तुला बघायचंय असं ती म्हणत नाही. पण परवा कपाटातून तुझा जुना स्वेटर काढायला लावला, तो सगळा उसवला आणि त्याच लोकरीनं पुन्हा विणायला घेतला. “कोणासाठी?” विचारलं, तर म्हणाली, “हाताला काम.”

प्रयोगशाळा आहे तशीच आहे. तुझ्या जागी आलेला मेकॅनिक हुशार आहे, पण यंत्र गार व्हायला त्याला दोन दिवस जास्त लागतात. जुने लोक अजून म्हणतात, उस्ताद असते तर. बर्फाच्या कारखान्यातून आलेल्या तुला उस्ताद म्हणायला लागले होते सगळे. मोठे सरसुद्धा.

त्या प्रकरणाबद्दल मी लिहिणार नाही. जे झालं ते वाईट झालं. समितीनं घाई केली असं माझं तेव्हाही मत होतं. तुझा राग साहजिक आहे. पण आईचा त्यात काय दोष? तेव्हा ये.

तुझी,
मास्तरीण

२८ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल वहिनीशी बोलले. ती म्हणाली, “पत्र मिळालंय. ते खिशात घालून कामावर गेले.” मग एकदम म्हणाली, “ताई, एक विचारू? तुम्ही दोघं तिथं नेमकं करत काय होतात? मी यांना कधी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.” तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, दादा. मग मीच सांगितलं.

तिला म्हटलं, आमच्या यंत्राच्या तळाशी, जिथं जगातल्या कुठल्याही हिवाळ्यापेक्षा जास्त थंडी असते, तिथं एक चिप असते. ती बोलते प्रकाशात. हा प्रकाश डोळ्यांना दिसणारा नाही, मायक्रोवेव्हच्या जातीतला आहे, आणि इतका क्षीण की वाटेतच विरून जावा. म्हणून बाहेर येताना तो मोठा करावा लागतो. पण मोठा करणारं यंत्र स्वतः गोंगाट करतं, आणि तो गोंगाट उलट वाटेनं चिपपर्यंत पोचला की चिप सगळं विसरते. म्हणून वाट एकेरी हवी. बाहेर येणारा प्रकाश वाढावा, आत जाणारा अडावा.

“मग अडवा की,” वहिनी म्हणाली.

अडवतात, चुंबकाच्या डबीनं. तीच आपली काडेपेटीएवढी डबी. पण एक-दोन ठीक, शेकडो चिपांना शेकडो डब्या कुठे मावणार? शिवाय चुंबक जवळ आला की चिप बिघडते. म्हणून डबीशिवाय, दुसऱ्या एका चिपकडून तेच काम करून घ्यायचं, हे माझं बारा वर्षांचं वेड. प्रकाशाला दोन वाटा द्यायच्या आणि दोन्ही वाटांना बाहेरून झोके द्यायचे. झोक्यांची वेळ अशी जुळवायची की येताना दोन्ही लाटा पावलाला पाऊल लावून भेटतील आणि वाढतील. जाताना त्याच दोन लाटा एकमेकींविरुद्ध येतील आणि पुसल्या जातील.

वहिनी म्हणाली, “छान आहे. झालं का मग?”

दादा, झालं. गेल्या गुरुवारी. बाहेर येणारा प्रकाश शंभरपट वाढतो आणि उलट वाटेनं हजारातला एक भागही जात नाही. मार्गात एकही डबी नाही. या वेळी मोजणी मी केलीच नाही. शेजारच्या गटातल्या बाईंना बोलावलं, केबली उलटसुलट त्यांच्याच हातानं लावून घेतल्या.

आणि कशामुळे झालं, सांगू? झोके देणाऱ्या दोन केबली. तू मला म्हणाला होतास, “मास्तरीणबाई, दोन्ही एकाच पट्टीला बांध. एक आधी गारठते, दुसरी नंतर, मग दोघींची चाल कशी जुळणार?” मी हसले होते. तुला लाटांचं गणित येत नाही म्हणून हसले होते. गेल्या महिन्यात दुसरं काही उरलं नाही म्हणून बांधून बघितल्या. दोन दिवसांत आकडे स्थिर झाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाही.

मागच्या वेळी जी आकृती होती, तिच्यात

हे पुढे लिहवत नाही. आईचं बरं आहे. पायाची सूज थोडी उतरलीय.

तुझी,
मास्तरीण

१७ फेब्रुवारी

दादा,

आज बुधवार. आईजवळ बसले होते. मशीन सुरू होऊन तासभर झाला असेल. ती म्हणाली, “त्याला पत्र लिहितेस म्हणे.”

“हो.”

“काय लिहितेस?”

“तुझ्या तब्येतीचं.”

“आणि?”

“आणि काय, कामाचं थोडं.”

ती घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “डबी कोणी बसवली ते लिहिलंस का?”

दादा, तिच्या तोंडात ‘डबी’ हा शब्द ऐकून माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी डोळे उघडले. नर्स फडकं घेऊन आली. ती पुसून गेली.

मी म्हणाले, “बसवली त्यानंच. पण माझ्या आकृतीत होती म्हणून बसवली.”

चार वर्षांत हे वाक्य मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. बाथरूममध्ये, एकटीनंसुद्धा नाही.

“माहीत आहे मला,” आई म्हणाली. “तो गेला त्याच आठवड्यात सांगितलं त्यानं. वर म्हणाला, तिला विचारायचं नाही. ती आपणहून सांगेल.”

“मग आज का विचारलंस?”

“वेळ कुठे उरलाय गं.”

तिनंच सांगितलं की दर बुधवारी दुपारी तू तिला फोन करतोस. मी कामावर गेले की. तुला तिनं गुडघेदुखीचं सांगितलं आणि माझ्यापासून तुझा फोन लपवला. चार वर्षं आपल्या दोघांना तिनं असं वेगवेगळ्या खोल्यांत बसवल्यासारखं सांभाळलं.

आता सगळं लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण ते माझ्या अक्षरात असायला हवं.

ती आकृती मी जुन्या आकृतीवरून उतरवली होती. उलट मोजणीच्या केबलीवरची डबी काढायची राहून गेली. ती निव्वळ चूक होती. तू आकृतीबरहुकूम जोडलंस. उलट वाटेनं प्रकाश येईना, आम्हाला वाटलं आमच्या नव्या चिपनं अडवला. अडवला होता डबीनं. शोधनिबंध पाठवून दोन आठवडे झाले आणि एका दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता माझ्या लक्षात आलं. छापायला अजून महिना होता. एक ओळ लिहून थांबवता आलं असतं. मी तो डबा जेवले, दादा. पूर्ण जेवले. आणि गप्प बसले, कारण मला खात्री होती की चिप खरी आहे, पुढच्या वेळी डबीशिवाय दाखवू.

आठ महिन्यांनी परक्या प्रयोगशाळेनं लिहिलं की आमच्याकडे होत नाही, आकृत्या पाठवा. तेव्हा मी नवी आकृती काढली, डबीशिवाय. खाली जुनी तारीख घातली. जुनी फाडली.

आणि मग चौकशी समितीची खोली. लांब टेबल, तू या टोकाला, हात मांडीवर. यंत्र उघडलं होतं आणि डबी टेबलावर ठेवली होती.

“हा भाग तुम्ही बसवला?”

“हो. मीच बसवला.”

“आकृतीत तर नाही. कोणाच्या सांगण्यावरून बसवला?”

तू माझ्याकडे बघितलंस. मी समोरच्या फायलीची नाडी सोडत होते. सोडून पुन्हा बांधत होते. तू किती वेळ बघत होतास मला माहीत नाही, मी वर बघितलंच नाही. मग तुझा आवाज ऐकला, “सवयीनं बसवला असेल.”

त्या पहिल्या पत्रात मी लिहिलं, समितीनं घाई केली. समितीनं काही घाई केली नाही. तुला काढण्याआधी तासभर वाट बघितली त्यांनी माझी.

सोमवारी मोठ्या सरांकडे जाणार आहे. आईची पावलं गार पडायला लागली आहेत. ये, दादा. ती ‘गुडघे दुखतात’ म्हणाली तरी फसू नकोस.

२५ फेब्रुवारी

दादा,

घाईत लिहितेय, दवाखान्याच्या बाकावर.

सोमवारी गेले. मोठे सर नव्या निबंधाची पानं तपासत होते. मी म्हणाले, “सर, चार वर्षांपूर्वीची आकृती मी बदलली होती. उस्तादांची काही चूक नव्हती.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आता हे कशाला उकरतेस? आता तर खरी चिप हातात आहे.”

“म्हणूनच.”

“मला अंदाज होता,” ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “अंदाज होता? मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू गेली असतीस तर चिप कोण करणार होतं? मेकॅनिक दुसरा मिळतो.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण हेच वाक्य मी त्या दिवशी फायलीची नाडी बांधताना मनात म्हटलं होतं. शब्द थोडे वेगळे असतील.

लेखी जबाब दिलाय. पोच घेतलीय. त्यांनी दाराचं कार्ड ठेवून घेतलं. माझी वही, कप आणि चपला शिपायानं पिशवीत भरून बाहेर आणून दिल्या.

आई आता फार बोलत नाही. काल संध्याकाळी विचारलं, “आला का?” मी म्हणाले, “निघालाय.” खोटं बोलले. ते खरं कर.

२० मार्च

दादा,

तू होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण तेव्हा मला तुला उत्तर देता आलं नाही.

तू आलास त्या सकाळी ती जागी होती. तुझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, “दाढी करत जा रे.” बस्स, एवढंच. चार वर्षांनी भेटलेल्या मुलाशी आई आणखी काय बोलते मला माहीत नाही, पण मी दाराशी उभी होते आणि मला वाटलं, तुमच्यात काही राहिलेलंच नाही बोलायचं. सगळं बुधवारी बुधवारी बोलून झालंय. दोन दिवस तू तिच्या उशाशी बसलास. मला फक्त ‘पाणी दे’, ‘डॉक्टरांना बोलाव’, ‘तू जाऊन झोप’ एवढंच म्हणालास. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला निरोप देऊन घरी आलो. घरभर माणसं होती. आपण दोघं जिन्यात आलो आणि तू तिच्या खुर्चीवर बसलास. मी खालच्या पायरीवर.

“पत्रं मिळाली,” तू म्हणालास. “पहिली दोन फाडावीशी वाटली. तिसरं ठेवलंय.”

मी पायरीवरची धूळ बोटानं पुसत होते.

“तुला वाटतं तू आकृती फाडलीस म्हणून प्रश्न मिटला?” तू म्हणालास. “मी जोडणी करताना प्रत्येक आकृतीचा फोटो काढायचो. विसरू नये म्हणून. तुझं अक्षर, तुझी सही, डबी, सगळं त्यात होतं. समितीच्या दिवशी फोन माझ्या खिशात होता.”

“मग दाखवला का नाहीस?”

“दाखवला असता तर तू गेली असतीस. मी कुठेही पाना फिरवून पोट भरीन. तुला दुसरं येतं काय? चहासुद्धा धड येत नाही.”

मला हसू आलं आणि तूही हसलास, क्षणभर. मग म्हणालास, “पण मला वाटलं होतं तू बोलशील. त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या दिवशी. वर्षभर वाटलं. घरी फोन वाजला की वाटायचं. मग वाटायचं थांबलं. आता तू बोललीस, बरं झालं. पण ते जे थांबलं ते परत सुरू होत नाहीये, मास्तरीण. मी बघितलं करून. गाडीत बसल्यापासून बघतोय.”

मी म्हणायला हवं होतं की सुरू होऊ दे असा माझा हट्ट नाही. म्हणायला हवं होतं की मला माफ कर, हे तीन शब्द मी चार पत्रांत एकदाही लिहिले नाहीत, तेही सोयीनं टाळले. मी काहीच म्हणाले नाही. वरून कोणीतरी हाक मारली आणि आपण उठलो.

मला माफ कर, दादा. करणार नसशील तर तेही मला चालेल, असं मात्र मी म्हणणार नाही. चालणार नाही. पण मी सोसेन.

स्वेटर तू नेलास का? एक बाही राहिली होती. मला कपाटात सापडत नाहीये, म्हणून विचारलं.

तुझी,
मास्तरीण

६ मे

दादा,

समितीचा निकाल लागला. माझी नोकरी गेली, त्यात नवल नाही. नवा निबंध माझ्या नावाशिवाय छापला जाईल. चिप चालतेय. शेजारच्या गटातल्या बाईंनी फोन करून सांगितलं की आता एका तबकडीवर अशा चोवीस बसवल्यात आणि एकही डबी नाही. निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत केबली बांधण्याची सूचना कोणाची ते छापा, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांनी मान्य केलंय.

मी आता शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात जाते. भिंगं, तारा, लोहचुंबक. मालक मला ‘मॅडम’ म्हणतो आणि खोकी उचलायला लावतो. जमतंय.

निकालाचं पत्र आलं तेव्हा त्यात शेवटी एकच ओळ होती: ‘सदर प्रकरणी तंत्रज्ञाचा दोष नव्हता.’ ती ओळ चार वेळा वाचली आणि कचेरीत गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, “यात नाव घाला.”

त्या म्हणाल्या, “तंत्रज्ञ म्हटलंय ना? एकच होते तेव्हा. नाव घातल्यानं काय फरक पडतो?”

मी म्हणाले, “काढलं तेव्हा नाव घेऊनच काढलं होतं.”

त्यांनी अर्ज लिहून घेतला. नंतर पाच खेपा झाल्या. एकदा सही करणारे साहेब रजेवर, एकदा शिक्का सापडेना. आज पत्र हातात मिळालं. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, बाबांच्या नावासकट. आडनावात एक वेलांटी चुकली होती. ती मी तिथंच खिडकीशी उभी राहून दुरुस्त करून घेतली, नवीन कागदावर, खाडाखोड न करता. मागच्या रांगेतली माणसं कुरकुरली. कुरकुरू देत.

मूळ प्रत तुला पाठवतेय. मी नक्कल ठेवलेली नाही. आई असती तर आधी चष्मा मागितला असता, मग मलाच वाचायला लावलं असतं, आणि तुझं नाव आलं की पुन्हा वाच म्हणाली असती. आज घरी आले आणि तिच्या पलंगावर बसून मी ते मोठ्यानं वाचलं. एकदाच वाचलं.

उत्तराची अपेक्षा नाही, असं शेवटी लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. अपेक्षा आहे.

तुझी बहीण